दोऱ्याचा नंबर

वाळूजच्या एका कारखान्यात दीपमालानं कितीतरी वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. तिथं दोरा निवडायचा प्रश्नच नव्हता. जाड दोऱ्याचं रीळ मशीनवर चढवलेलंच असायचं. कारखाना बंद पडला तशी ती मुकुंदवाडीत घरीच ब्लाऊज शिवायला लागली. चुलत नणंद मोनिकानं आपल्या लग्नाचं रेशमी ब्लाऊज हट्टानं तिच्याकडंच शिवायला दिलं.

रेशीम नाजूक. लहान नंबरची सुई बारीक, तसाच दोराही असणार, म्हणून दीपमालानं गुलमंडीतल्या दुकानातून लहान नंबरचा, तीसचा दोरा मागून आणला. सीटच्या दोऱ्यापुढं तो तिच्या बोटांना केसासारखा लागला. सुईच्या नाकात अडकायला लागला, तर तिनं जाड सुई लावली. एक बाही झाली आणि तिनं ती उलटून बघितली. शिवण आक्रसून सगळीकडं चुण्या पडल्या होत्या.

टाके उसवले, तर भोकं तशीच. इस्त्री फिरवली, नखानं घासून बघितलं. लग्न तोंडावर आलेलं. ती खिडकीशी गेली, परत आली. चहा टाकला, तो उतू गेला.

“अगं, बस की एका जागी,” सासू सारजाबाई म्हणाल्या.

“बसवत नाय, आत्याबाई. लग्नाचं कापड हाय ते.”

रिक्षा करून ती पुन्हा गुलमंडीत गेली. दुकानदारानं तिच्याकडचा उसवलेला दोरा चिमटीत फिरवला.

“ताई, हा तर जीन्सला लागतो. नंबर वाढला की सुई जाड होत जाते, पण दोरा बारीक होतो. रेशमाला पायजे म्हणाल्या असत्या, तर हा दिलाच नसता.”

नवा बारीक दोरा नि बारीक सुई घेऊन ती घरी आली. आधी चिंधीवर शिवून बघितलं. टाका सपाट बसला. मग जुन्या शिवणीच्या जरा आतून बाही शिवली. भोकं आतल्या मायेत, शिवणीपल्याडच्या जादा कापडात गेली, पण बाही आवळली. जोडीला दुसरीही तेवढीच आवळावी लागली.

मोनिकाला तिनं सगळं सांगितलं. मोनिकानं ब्लाऊज घातलं, हात वर केला नि तोंड पाडलं. “लई दाटतंय, वहिनी.” मग ब्लाऊज उतरवत म्हणाली, “असू द्या. आता दुसरं कुठून आणायचं?”

लग्न लासूर स्टेशनला होतं. मंगलाष्टकं चालली तरी दीपमालाची नजर बाहीवरच. नवरदेव उंच, हार घालायला मोनिकाला टाचा उचलाव्या लागल्या. शिवण ताणली, पण टिकली. दीपमालाच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या.

पंगतीत मोनिका कानाशी वाकली. “दंडावर वळ उठलेत. माहेरी आले की सैल करून द्या.”

“सैल केलं तर भोकं दिसतील गं.”

“मग दुसरं शिवा.”

म्हणजे ती पुन्हा आपल्याकडंच येणार होती. दीपमालाला बरं वाटलं, तरी मोनिकाच्या दंडाकडं काही बघवेना.