मला माहीत असलेला ओहळ

आमची कंपनी काँक्रीटसाठी वाळू आणि खडी पुरवते. सिंगापूरमध्ये त्यासाठी खणायला जागा कुठली, म्हणून माल पलीकडे मलेशियातल्या एका नदीकाठच्या खाणीतून येतो. कुठं खणायचं, किती खोल, ट्रकचा रस्ता कुठून, हे नकाशे गेली नऊ वर्षं मी काढते. मी मूळची पुण्याची, सिव्हिल इंजिनिअर, राहते सिंगापुरातच, पासिर रिसला. ऑफिसात त्या खाणीला सगळे माझीच खाण म्हणत. मला ते आवडायचं.

मग ती आली. सांगलीची, सत्ताविशीची, इथल्याच विद्यापीठात पर्यावरण शिकलेली, क्लेमेंटीत खोली भाड्यानं घेऊन राहणारी. खाणीलगत एक मोठी पाणथळ जागा आहे. तिचं आणि तिथल्या पशुपक्ष्यांचं नुकसान होऊ नये, हे बघणं तिचं काम. पहिल्याच दिवशी तिनं मला ताई म्हटलं, आणि मी तिला मनापासून घरी जेवायला बोलावलं.

पहिल्यांदा साइटवर गेलो तेव्हा खणलेल्या एका उभ्या कडेसमोर ती थांबली. "ताई, ही भोकं बघितलीत? राघूंची घरटी आहेत. आपल्या वेड्या राघूचे भाऊबंद, फक्त गळा निळा."

ती कड खणायला मीच सांगितलं होतं. त्या कडेकडे मी आजवर घनमीटर वाळू म्हणूनच बघत आले होते. पिल्लं उडेपर्यंत तिथं मशीन नको, असं ती साइटच्या मुकादमाला म्हणाली आणि त्यानं त्याच दुपारी मशीन हलवलं. माझा साधा बदल करायला तो आठवडा लावायचा.

घरी वेगळंच. माझी मुलगी तेरा वर्षांची. जेवायला आलेल्या त्या पाहुणीनं तिला पक्ष्यांचे आवाज काढून दाखवले आणि दर रविवारी दोघी इथल्या खारफुटीत जायला लागल्या. मी म्हटलं तर पोरगी लिफ्टपर्यंत यायची नाही. "मम्मा, शी नोज एव्हरीथिंग, लाह," ती इथल्या पोरांसारखं म्हणाली. मी गॅस पुसत राहिले.

चार महिन्यांनी सांगलीवालीनं बॉससमोर आराखडा ठेवला. नदीकाठची झाडं तोडायची नाहीत, खडी धुतलेलं गढूळ पाणी तळ्यांत निवळल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, आणि ट्रकचा रस्ता नदीकाठावरून उचलून पाणथळीच्या मागून न्यायचा. आराखडा चांगला होता. फक्त मागच्या बाजूला एक ओहळ होता. इतर वेळी तिथं नुसतं गवत दिसतं, पण वर्षअखेरीच्या पावसात डोंगराचं पाणी त्यातूनच पाणथळीत उतरतं. पहिल्या वर्षी मी त्यात गुडघाभर रुतले होते. माझ्या वहीत त्याचं चित्रही होतं.

"तुला काही सांगायचंय?" बॉसनं मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

शोधणं तिचं काम आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर तिचं एकदा तरी चुकावं, असं मला वाटत होतं.

भराव घालून रस्ता झाला. पाऊस आला आणि पाणथळ कोरडीच राहिली. साइटवरून परतली ती थेट माझ्या टेबलाशी आली. फोनवरच्या फोटोत भेगाळलेला चिखल होता, दोन-तीन डबक्यांत तडफडणारे मासे, आणि भोवती टपून बसलेले बगळे.

"ताई, एवढा पाऊस पडतोय, तरी पाणी येत नाहीये. माझं काय चुकलं?"

मला बरं वाटलं. अर्धा मिनिट असेल, पण वाटलं. मग ते मासे पुन्हा बघितले आणि मी टेबलाच्या खणातून वही काढली.

"इथं ओहळ आहे. रस्त्यानं तो अडलाय. खालून मोऱ्या टाकाव्या लागतील."

तिनं चित्राखालचं वर्ष वाचलं. "म्हणजे मीटिंगमध्ये तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिनं वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मोऱ्यांचा नकाशा आज होईल?"

तो मी त्याच संध्याकाळी दिला. रस्ता तीन ठिकाणी कापला, पाइप बसवले, आणि दुसऱ्या दिवशी पाणथळीत पाणी शिरलं. त्या डबक्यांतले मासे तोवर बगळ्यांनी संपवले होते.

बॉसला तिनं सांगितलं की पावसात जागा न बघणं ही तिची चूक, आणि उपाय माझा. त्यानं माझं कौतुक केलं. दोन दिवस ते मी अंगावर वागवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. तो रागावला नाही. इतकंच म्हणाला, "यापुढे तुझा प्रत्येक नकाशा तिच्या सहीनंच पुढे जाईल."

ती आता मला मॅडम म्हणते. मुलीबरोबरचे रविवार मात्र तिनं मोडले नाहीत.

गेल्या महिन्यात खाणीच्या नव्या भागाचा माझा नकाशा सहीविना परत आला. कडेला तिनं विचारलं होतं, "इथं पावसात कोण जाऊन आलंय?" मी लिहिलं, "कोणी नाही. दोघी जाऊ."

गेलो. गमबूट घालून, भर पावसात. नदीकाठच्या ओल्या वाळूत पाणमांजराची पावलं उमटलेली होती. ती पावलं तिला आधी दिसली. ती बाजूला सरकली आणि मला बघायला जागा दिली. मी वाकून बघितलं. ती आधी मला दिसली असती तर, हेच तेव्हाही मनात होतं.