सरकीची मतं

दिग्रसच्या एका वाचनालयात अकीला मॅडम बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. पुस्तक चुकीच्या कप्प्यात सापडलं, तर ठेवणाऱ्याला बाजारातून परत बोलावून जागेवर लावायला सांगत. कापसाचे हाल चालले होते त्या काळात, २००९ साली, त्यांचं यवतमाळला संगणकाचं प्रशिक्षण झालं. तिथे एक संकेतस्थळ पाहून त्या हरखून गेल्या. वाचकच बातम्या टाकत, वाचकच मतं देत. जास्त मतांची बातमी आपोआप वर चढे. संपादक नावाचा माणूसच नाही! वाचकांच्या आवडीनिवडीचे तक्ते भरून थकलेल्या मॅडमना हे फार न्यायाचं वाटलं.

परत आल्यावर त्यांनी तसाच फळा वाचनालयात लावला. कुणीही कात्रण आणून टाचावं. प्रत्येकाखाली एक कप. बातमी पटली की त्यात सरकीचं एक बी टाकायचं. पहिले पंधरा दिवस नटीच्या लग्नाने पीकविम्याला हरवलं. मॅडमनी मन मोठं केलं.

मग भावसिंग नावाच्या शेतकऱ्याने त्याच संकेतस्थळावरून छापून आणलेला कागद टाचला: 'सोमवारपासून दारव्ह्यात सरकारी कापूस खरेदी.'

"हे कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"इंटरनेटवर हाय ना, मॅडम. तीनशे लोकायनं मत देल्लं."

मॅडमनी दारव्ह्याच्या बाजार समितीला फोन लावला. कोणी उचलला नाही. कागद काढून टाकणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी खाली पेन्सिलीने लिहिलं, 'खात्री झालेली नाही.' दुपारपर्यंत कप भरून सरकी जमिनीवर सांडली. कुणीतरी फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून संकेतस्थळावर चढवला: 'दिग्रसच्या वाचनालयाचा दुजोरा.' फोटोत पेन्सिल उमटली नव्हती.

मॅडमना हे रविवारी कळलं. त्यांनी लगेच तिथे खुलासा टाकला, तारीख आणि हुद्द्यासकट. सोमवारी सकाळी खुलाशाला एक मत होतं, तेही त्यांचंच. त्यांनी दारव्ह्याची एसटी धरली.

बाजाराच्या फाटकाला कुलूप आणि समोर कापसाच्या गाड्यांची लांब रांग. रांगेत वाचनालयात रोज येणारे सदाशिवरावही होते.

"बातमी खोटी आहे. गाड्या परत न्या," मॅडम म्हणाल्या.

"खोटी कशी राहीन?" शेजारचा गाडीवाला म्हणाला. "दिग्रसच्या लायब्ररीनं सांगतलं."

"ती लायब्ररी मीच आहे!"

"मंग तुमच्यापाशी काई कागद हाय का?"

कागद नव्हता. रांग हलली नाही. फक्त सदाशिवरावांनी बैल वळवले.

"तुमचं पेन्सिलीचं मी वाचलं होतं, मॅडम," ते हळूच म्हणाले.

"मग आलात कशाला?"

"एवढ्या सरकीपुढं पेन्सिल कोन आयकते?"

परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी अट आली: स्वतः खात्री करा, खाली आपलं नाव लिहा, मगच टाचा. आठवडाभर फळा रिकामा राहिला. आठव्या दिवशी भावसिंग चिठ्ठी घेऊन आला: 'पुसदची सकाळची एसटी अर्धा तास उशिरा सुटेल.' खाली ठसठशीत सही.

"कंट्रोलरले सोता इचारून आलो," तो म्हणाला.

मॅडमनी ती फळ्याच्या मधोमध लावली. संध्याकाळी कपात दोन बिया होत्या. एक भावसिंगची, एक मॅडमची.