डाव्या डोळ्याला सोबत

इथे आखातात उन्हाळ्यात आम्ही पार्किंगमध्ये फिरतो. मरीनाच्या, म्हणजे बोटींच्या धक्क्याच्या, कडेने चालायला चांगली वाट आहे, पण जून ते सप्टेंबर तिथे सकाळी सहालाच माणूस शिजतो. म्हणून बिल्डिंगच्या तळघरात, गाड्यांच्या मधून फेऱ्या. आम्ही तिघी. मी सत्तरीला टेकलेली, बाराव्या मजल्यावरची ऑस्ट्रेलियन बाई आणि आमच्या समोरच्या दारातली जपानी बाई, त्या दोघी पन्नाशीच्या. माझं इंग्रजी नातीकडून आणि टीव्हीवरून उचललेलं. जपानी बाईचं माझ्याहून थोडं बरं. ऑस्ट्रेलियन बाईला बिचारीला आमच्यासाठी हळू बोलावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी उजवा डोळा करायचा, तीन आठवड्यांनी डावा. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं, सोबत कोणीतरी पाहिजे, नाहीतर ऑपरेशन नाही. मुलगा नेमका महिनाभर रियाधला गेलेला. राहिली सून, आणि तिच्या ऑफिसात ऑडिट.

आता आमच्यात असं काही मागायची पद्धत ठरलेली आहे. मी जेवताना म्हणाले, "गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. तू काही सुट्टी घेऊ नकोस हं. मी जाईन टॅक्सीने." यावर सुनेने म्हणायचं असतं, "असं कसं आई, मी येते." मग मी म्हणायचं, "अगं, तुझं ऑडिट." मग तिने म्हणायचं, "असू दे ऑडिट." असं तीनदा झालं की ठरतं. माझ्या सासूबाईंची आणि माझी सगळी कामं अशीच झाली. पण आमची सून इकडचीच, शारजात, रोल्लाच्या वस्तीत लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, "शुअर ना आई? ओके," आणि कोशिंबीर पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मी तेच सांगितलं. मुलगा नाही, सुनेला ऑडिट, मी आपली टॅक्सीने जाईन. ऑस्ट्रेलियन बाई थांबली, माझा हात धरून म्हणाली, "काही लागलं तर सांग. खरंच सांग." मी म्हटलं, "नो नो, नो प्रॉब्लेम." तिने मान डोलावली. खलास. पुढची अख्खी फेरी मी वाट बघत होते, ती परत विचारेल म्हणून. ती तिच्या कुत्र्याच्या किडलेल्या दाताबद्दल सांगत होती.

जपानी बाई म्हणाली, "गुरुवार." पुढच्या खांबापाशी आल्यावर तिने विचारलं, "किती वाजता?" मी सांगितलं, साडेआठ. "लवकर आहे," ती म्हणाली. बस, एवढंच.

गुरुवारी मी एकटी खाली उतरले. दवाखान्यात काय थाप मारायची ते लिफ्टमध्ये ठरवत होते. सून मागून येतेय म्हणावं, पार्किंग मिळत नाहीये म्हणावं. दार उघडलं तर लॉबीत जपानी बाई उभी, पांढरी टोपी घातलेली, पर्स दोन्ही हातांत धरलेली. "मलाही त्या बाजूला थोडं काम आहे," म्हणाली. काय काम ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचं काम दवाखान्याच्या बाकावर चार तास बसण्याचं निघालं. मी पट्टी बांधून बाहेर आले तशी ती उठली, जरा वाकली आणि म्हणाली, "सॉरी. माझ्यामुळे तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल." मदत तिनेच केली आणि माफीही तिनेच मागितली. मला काही शिल्लकच ठेवलं नाही.

संध्याकाळी सून आली. माझी पट्टी बघून म्हणाली, "एकट्याला करतात का हो तिथे?" मग मला सांगावं लागलं, सोबतीचा नियम होता आणि समोरची बाई आली होती.

"त्यांना नेलंत," सून म्हणाली. "मला नको म्हणालात."

"अगं, मी नको कुठे म्हटलं?"

नात फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, यू लिटरली सेड डोन्ट कम."

नंतर रोज सून माझ्या डोळ्यात थेंब घालायची. अगदी वेळेवर, हात हलका. पण तोंड बंद.

पार्किंगमध्ये भेटलो तर ऑस्ट्रेलियन बाईच्याही मनाला लागलं होतं. "मी गाडी घेऊन घरीच होते. तुला विचारलं होतं की मी."

"एकदाच विचारलंस," मी म्हटलं.

"मग किती वेळा विचारायचं?"

"तीन."

जपानी बाई म्हणाली, "आमच्याकडे सहसा मागत नाहीत. मागितलं की समोरच्याला हो म्हणावं लागतं."

"का लागतं? नाही म्हणायचं," ऑस्ट्रेलियन बाई म्हणाली. अर्धी फेरी झाल्यावर ती मला म्हणाली, "एकदा सरळ मागून तर बघ."

डाव्या डोळ्याची तारीख जवळ आली, तेव्हा मी नातीकडून एक इंग्रजी वाक्य शिकून पाठ केलं. तिसऱ्या फेरीला, मोठ्या पांढऱ्या गाडीपाशी, म्हणून टाकलं: "गुरुवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येशील का?"

ऑस्ट्रेलियन बाईने फोन काढून बघितला. "नाही गं, गुरुवारी नाही जमणार. कुत्र्याचा दात काढायचाय. पण विचारलंस, बरं केलंस."

जपानी बाई बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिच्या बुटांना नाडी नाही, चिकटपट्टी आहे.

मी मला वाईट वाटायची वाट बघितली. दोन फेऱ्या झाल्या. ऑस्ट्रेलियन बाई पहिल्यासारखीच बोलत होती, मीही बोलत होते. तिने नाही म्हटलं होतं आणि कोणाचा अपमान झालेला नव्हता. एवढंच असतं होय, असं मनात आलं.

धीर आहे तोवर वर गेले. सून ओट्यापाशी डबा भरत होती. मी म्हटलं, "गुरुवारी तू माझ्याबरोबर चल. मला भीती वाटते." दुसरं वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

तिने डब्याचं झाकण लावलं. "ऑडिट अजून चालू आहे, आई."

नाही तर नाही, ऐकायची तयारी झालेली होती.

"हाफ डे टाकते," ती म्हणाली. "हे आधी सांगायचं ना. मला वाटलं, मीच नकोय तुम्हाला."

"आता सांगितलं ना."

"हो, दुसऱ्या डोळ्याला." पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

गुरुवारी आम्ही दोघी खाली आलो. लॉबीत पांढरी टोपी, दोन्ही हातांत पर्स. सुनेला बघून जपानी बाई अर्धं पाऊल मागे सरकली. "मलाही त्या बाजूला थोडं काम आहे," म्हणाली.

सून इंग्रजीत तिला म्हणाली, "मग आमच्याबरोबरच चला ना."

"नको, नको. मी दुसरी टॅक्सी करते."

"शुअर?" सून म्हणाली आणि टॅक्सीकडे वळायला लागली.

मी तिला कोपराने ढोसलं. "अजून दोनदा विचार."

तिने विचारलं. टॅक्सीत मी मधे बसले.