पाठीमागचे हात

आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलापलीकडे हल्ली हातकामाचा वर्ग भरतो. ड्रिल मशीनची घरघर सुरू झाली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पण परवा पेपर उघडाच राहिला, कारण माझी नजर शिकवणाऱ्या ताईंच्या हातांवर गेली. ते त्यांनी पाठीमागे धरले होते.

समोर साठीच्या एक काकू लाकडी फळीला भोक पाडत होत्या. ड्रिलचं टोक सारखं घसरत होतं.

"ताई, तुम्हीच करा ना. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मी इथेच आहे. पुन्हा टेकवा," ताई शांतपणे म्हणाल्या. पाठीमागे मात्र त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती, पुढे धावायला नुसती तळमळत होती.

मला वाटलं, आपल्याला अडाणी ठेवलं ते बहुतेक माया करणाऱ्यांनीच. नारळ फोडायचा असो नाहीतर बल्ब बदलायचा, "दे इकडे" म्हणत त्यांनी तो हातातून काढून घेतला. काम चटकन झालं, आणि आपले हात रिकामेच राहिले.

तेवढ्यात ड्रिल आरपार गेलं. भोक तिरकं होतं. काकूंनी त्यात बोट घालून पाहिलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि कुणाला न विचारता टोक पुढच्या खुणेवर टेकवलं.

त्यांना न्यायला आलेले काका मशीनकडे सरसावले. "तिरकं गेलंय गं. दे इकडे."

मान वर न करता काकू म्हणाल्या, "आधी हात मागे घ्या बघू."

काकांनी घेतले.