कान्हाचा पाट

मैनाचा नवरा कान्हा उंचापुरा होता हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या उंचीचा तिला पुढे एवढा जाच होईल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खोपोलीला औषधाचा कारखाना होता. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या यायच्या. त्या उचलायच्या, चिठ्ठी चिकटवायची, खोक्यात भरायच्या, हे कान्हाचं काम. बहात्तर साली त्याला कावीळ झाली आणि पंधरवड्यात माणूस गेला. कारखान्याने त्याच्या जागी बायकोला घेतलं. जागी म्हणजे अगदी त्याच जागी, त्याच पट्ट्यापाशी. पट्टा पुरुषांच्या कमरेला बेतलेला. मैनाच्या तो बरगड्यांशी यायचा.

तीन महिने बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. चाळीतली खोली कारखान्याची. मैना कायम झाली तर खोली राहणार, नाहीतर तिने आणि तिच्या सासूने, चिमाबाईने, कडावला दिराच्या दारात जाऊन उभं राहायचं. तो दीर कसा होता ते मला विचारू नका. भावाच्या तेराव्याला आला आणि जाताना भावाची सायकल घेऊन गेला.

दिवसभर कोपरं वर उचलून काम केलं की काय होतं, ते ज्याने केलं त्यालाच कळतं. पहिल्या महिन्यात मैनाची मान धरली. दुसऱ्यात बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बाटली निसटली की तिला ती फुटल्याच्या आवाजावरूनच कळायचं. चिठ्ठ्या तिरक्या लागायच्या. मागून बाटल्या तुंबायच्या, आणि शेजारची गोदा काही बोलायची नाही, नुसती बघायची. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

लोकांच्या जिभेला हाड कुठे असतं? कुणी म्हणे दुःखाने खचली, कुणी म्हणे मुळातच कामचुकार. चिमाबाई म्हणे नजर लागली. संध्याकाळी ती सुनेवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची, खांद्याला खोबरेल चोळायची आणि मग स्वतःचाच खांदा पुढे करायची.

"माजंबी चोळ गं जरा. वय झालं."

कडावला जन्मभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापलेली ही बाई. इथे उंच सिमेंटचा ओटा, त्यावर स्टो, आणि थापणं उभ्याने. पण ओट्यावर कोण संशय घेणार? वय झालं म्हटलं की भागतं.

तिसरा महिना संपत आला तसे मुकादम सुलेमानभाई मैनाजवळ आले. माणूस सरळ होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

"मैनाबाई, शनिवारी साहेब पट्ट्यावर येणार आहेत. त्यांनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. असंच चाललं तर माझ्या हातात काही नाही."

मैना नुसती मान हलवून राहिली. मान हलवली तरी दुखत होती.

त्याच दुपारी वरच्या फळीवरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढायला ती आडव्या ठेवलेल्या रिकाम्या खोक्यावर चढली, तेवढ्यात पट्टा सुरू झाला. उतरायला सवड नव्हती. तशीच बाटल्या उचलू लागली. कोपरं आपोआप खाली, अंगाशी आली. खांदे सैल पडले. चिठ्ठ्या सरळ बसू लागल्या. थोड्याच वेळात खोक्याची फळी मोडली आणि ती खाली आली, पण आपल्याला काय कमी पडतंय ते तिला कळलं होतं. टीचभर उंची.

विटा ठेवाव्या तर डुगडुगणार, आणि पाय घसरला की खाली काचांचा खच. घरात न डुगडुगणाऱ्या वस्तू दोनच होत्या. भिंतीला उभे केलेले जाड सागवानी पाट, एक सासऱ्याचा, एक कान्हाचा. पुरुषांनी पाटावर बसून जेवायचं, बायकांनी मागून भुईवर. दोघेही गेले तरी चिमाबाई ते रोज पुसून ठेवायची. जेवायच्या पाटाला चुकून पाय लागला तरी आपण हात जोडतो, आणि हिला त्यावर दिवसभर उभं राहायचं होतं.

शनिवारी सकाळी सासू नळावर गेली तेव्हा मैनाने कान्हाचा पाट जुन्या लुगड्यात गुंडाळला. त्याच्या पाया पडली आणि बाहेर पडली.

पट्ट्यापाशी तिने चपला काढल्या. काचा असोत नाहीतर काही, चपलेसकट पाटावर चढणं तिला जमेना.

"अगं, जेवायचा पाट ना त्यो?" गोदा म्हणाली. "कान्हाचा?"

"व्हय."

"लाज नाय वाटत? जेवायच्या सुट्टीत जाऊन सांगतेच तुज्या सासूला."

आणि गेली की खरंच. आमच्या चाळीत बातमी नेण्याचं काम कुणी उद्यावर टाकत नाही.

साहेब दुपारी आले. पाटाकडे बघून थांबले. "हे काय?"

सुलेमानभाईंनी बुटाने पाट दाबून पाहिला. हलला नाही. "पट्टा उंच पडतो, साहेब, त्यांना." साहेबांनी खोक्यांच्या रांगेकडे पाहिलं. सकाळपासून एकही बाटली फुटली नव्हती. "राहू द्या," म्हणाले. सुटीच्या वेळी सुलेमानभाईंनी सांगितलं, सोमवारपासून कायम.

खोली वाचली. पण त्याच खोलीत जायला मैनाचे पाय उचलेनात. काखेत पाट, मनात सासूचा चेहरा. लेकाच्या पाटावर पाय दिला म्हणून सासूने घराबाहेर काढलं तर त्या कायमचं काय करायचं? दार लोटलेलं होतं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मैनाने आधी भिंतीकडे पाहिलं. सासऱ्याचा पाटही तिथे नव्हता. 

चिमाबाई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, नेहमीपेक्षा टीचभर उंच.

"गोदा येऊन गेली," ती वळून न बघता म्हणाली. "लई शिव्या दिल्या मी तुला. मंग म्हनलं, बगावं तरी." भाकरी तव्यावर पडली. "कायम झालीस?"

"झाले."

"मंग सोमवारी त्यो तिकडंच ठेव. रोज कुठं वागवतीस?"

"अन् आत्या, घरात पाट..."

"तुज्या नवऱ्याचा तू घेतलास, माज्या नवऱ्याचा मी." चिमाबाईने परातीत पुढचा गोळा घेतला. "आपुन दोघी कवा पाटावर जेवलो गं?"