माझ्याच फाइलीचा पासवर्ड

समता कॉलोनीतल्या सर्जननं विचारलं, मागे कोणत्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती? मी छाती फुगवून सांगितलं, लिहून ठेवलंय. बायकोच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते, ऑपरेशन सोमवारी. चौदा वर्षांपूर्वी एका इंजेक्शननंतर तिचा श्वास कोंडला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या. दवाखान्याचा कागद पुढे घर बदलताना गहाळ झाला. पण औषधाचं नाव मी त्याआधीच लॅपटॉपवरच्या एका फाइलीत उतरवलं होतं, आणि फाइलीला पासवर्ड घातला होता.

पासवर्ड कशाला, तर माझा कोणावर विश्वास नाही. उभी हयात सरकारी कचेरीत गेली. तिथे तुमची पाठ वळली की टेबलावरचा कागद तीन जण वाचतात. त्या फाइलीत घरातल्या सगळ्यांची दुखणी आहेत. मुलीचं लग्न व्हायचंय. तिच्या आईचं दुखणं नातेवाइकांना कळलं तर उद्या सोयरिकीत खोडा घालतील. म्हणून असा पासवर्ड ठेवला की कोणालाच सुचू नये. शनिवारी सकाळी तो मलाही सुचेना.

बायकोचं नाव घातलं, मुलीचं घातलं, स्कूटरचा नंबर, कुलदैवत. फाइल ढिम्म. तेव्हा माझी खात्रीच पटली की पासवर्ड कोणीतरी बदललाय. पुण्याला मुलीला फोन लावला. "दिवाळीत लॅपटॉप तूच घेऊन बसली होतीस ना?"

ती इकडे हिंदी मुलखातच लहानाची मोठी झाली; मी मराठीत ओरडलो की ती हिंदीत उत्तर देते. "पापा, आपकी फाइल किसी ने नहीं छुई. शक करना बंद करो."

इतक्या ठामपणे नाही म्हणाली, तेव्हा माझा संशय आणखीच वाढला.

चौबे कॉलोनीत एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे. तो म्हणाला, "छोड़ जाइए अंकल, सोमवार शाम तक देख लेंगे." सोमवारी संध्याकाळी काय उपयोग! शिवाय आमची दुखणी याच्या दुकानात दोन दिवस ठेवायची? मी म्हटलं, मी इथंच बसतो, माझ्यासमोर उघडा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फाइल आपकी ही है ना? लोग दूसरों की भी ले आते हैं."

जन्मभर मी लोकांकडे जसं पाहिलं, तसंच तो माझ्याकडे पाहत होता. चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत लॅपटॉप काखेत मारून मी घरी आलो.

बायको स्वयंपाकघरात विळीवर दोडके चिरत होती. "सकाळपासून काय शोधून राहिले? जाऊ द्या, डॉक्टर पाहतीन."

इतकी निश्चिंत कशी ही? क्षणभर मला तिचाही संशय आला. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. तेव्हाचे तिचे निळे पडलेले ओठ डोळ्यांपुढून हलत नव्हते.

तेवढ्यात वर्ध्याहून तिच्या भावाचा फोन आला. तिचे हात ओले, म्हणून तिनं तो स्पीकरवर ठेवला. भावानं नेहमीच्या मोठ्या आवाजात तिला नावानं हाक मारली. माहेरच्या नावानं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात जुनं नाव कोणी उच्चारलं नाही. म्हणूनच तर मी ते निवडलं होतं! मी लॅपटॉपकडे धावलो. जुनं नाव, पुढे लग्नाचं साल. फाइल उघडली. औषधाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला.

"सापडलं वाटते. काय होता पासवर्ड?" फोन ठेवून तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिचा हात विळीवरच थांबला.

"मले वाटलं, ते नाव तुमच्या ध्यानातही नसन." मग म्हणाली, "बदलताना मले कोणी विचारलं नाही. अन् तुमाले ते आठवत होतं, तं कुलपाले दिलं. मले एक डाव हाक मारली असती त्या नावानं."

मला फार लाज वाटली. आता तरी त्या नावानं हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं. जीभच वळेना. ती हातातला दोडका तसाच धरून वाट पाहत होती.