झऱ्याच्या तोंडाची हिरवी साय

माझा मामा गरम पाण्याच्या झऱ्यावरची न्हाणीघरं सांभाळतो. पाच कुंडं, बारा खोल्या, ओल्या टॉवेलांचा डोंगर आणि हा एकटा. सकाळी तारेचा ब्रश घेऊन कुंडात उतरतो आणि कडांवरची हिरवी-निळी बुळबुळ खरवडून काढतो. कोणी घसरून आपटलं तर नाव कोणाचं जाणार? मामाचंच.

एक जागा मात्र तो कधीच घासायचा नाही. झऱ्याच्या तोंडाशी, जिथं पाण्यात बोट धरवत नाही, तिथं जाड हिरवी साय धरलेली असायची. "ती झऱ्याची ताकद आहे," तो म्हणायचा, "तिला ब्रश लावलास तर हात मोडीन." एवढ्या कढत पाण्यात जे जगतं ते औषधच असणार, हे त्याचं शास्त्र. नऊ वर्षं रोज तिथलंच पाणी दोन बाटल्यांत भरायचा, एक स्वतःला, एक मामीला. मामीचं पोट सदा कुरकुरायचं. पेला रिकामा करून ती म्हणायची, "अहो, किती हलकं वाटतंय!" की मामा गल्लीभर मिरवायला मोकळा.

मी कितीदा म्हटलं, "मामा, डॉक्टरला विचार की जरा." तर म्हणे, "डॉक्टरच माझ्याकडे अंघोळीला येतो." आता यावर काय बोलणार, कपाळ!

गेल्या महिन्यात पाणी तपासणारी बाई आली. तिनं नेमकी तीच साय चमच्यानं खरवडून बाटलीत घेतली. मामाचा जीव वरखाली. दहा दिवसांनी ती कागद घेऊन परत आली, तेव्हा मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"काका, हे निळं-हिरवं शेवाळ. काही जाती एवढ्या कढत पाण्यातही मजेत राहतात. ही त्यातली, आणि विष सोडते. यकृताला बाधतं. हे पाणी कोणी पीत नाही ना?"

"उकळून प्यायलं तर?" मामानं विचारलं.

"उकळून हे विष जात नाही."

मामानं ब्रश टाकला आणि अनवाणीच घराकडे पळत सुटला. मी मागे. साठीचा माणूस, धापा टाकत, तोंडात एकच धोशा, "मीच पाजलं गं तिला, मीच पाजलं!"

मामी ओटा पुसत होती. मामाची धाप थांबेना, मीच सगळं सांगितलं. मामी हसायलाच लागली.

"अहो, घाबरताय कशाला? मी एक थेंब प्याले नाही. पहिल्याच दिवशी चिखलाचा वास आला. तेव्हापासून तुमची पाठ वळली की मोरीत ओतते."

"मग हलकं वाटतंय म्हणायचीस ते?"

"तुमचं मन मोडवेना."

नऊ वर्षं! मामा मटकन खाली बसला, हसावं की रडावं त्याला कळेना. मला तर हसू आवरेना. नऊ वर्षांत आमच्या मोरीची प्रकृती काय सुधारली असेल!

मामीचं हसू मात्र मध्येच थांबलं.

"आणि तुमची बाटली?"

मामा फरशीकडे बघत बसला.

"अहो, विचारतेय मी. तुमची बाटली?"

"पीत होतो," मामा म्हणाला. "तुला एवढा गुण आला म्हटल्यावर मी माझी बाटली दिवसातून दोनदा भरायला लागलो."

मामीच्या हातातलं फडकं गळून पडलं.

त्या अंघोळीला येणाऱ्या डॉक्टरनंच तपासलं. यकृताला सूज होती, पण वेळेत कळलं, उतरेल म्हणाला. झऱ्याच्या तोंडावर आता जाळी बसवली आहे. मामी त्या दिवसापासून मामाशी खरं तेच बोलते. सकाळी तो चहा करून देतो, ती घोट घेते आणि म्हणते, "पाणचट झालाय." मामा डोळे पुसतो आणि दुसरा करायला उठतो.